चारशे मीटर

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो असा : उद्याच्या पोलिसाच्या हातात कोणतं यंत्र असेल? ड्रोन, फाइव्ह-जी, कृत्रिम बुद्धिमत्ता, सगळ्यावर लिहा. वाचकांना कुतूहल आहे, फक्त फार तांत्रिक करू नका. मी लगेच हो म्हटलं. १९८८ साली रेडिओ मेकॅनिक म्हणून पोलीस बिनतारी विभागात रुजू झाले आणि ३१ वर्षांनी बाहेर पडले. या विषयाला नाही म्हणणं मला जमलंच नसतं. पण लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे ड्रोन काही आला नाही. एक पूल आला.

जिल्ह्याचं नाव सांगत नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका पुराच्या रात्री संदेशवहनात नेमकं काय बिनसलं हे पाहायला मला तिथे बोलावलं होतं. कठड्याविना सखल पूल, दोन्ही टोकांना बंदोबस्त. अलीकडे एक हवालदार, पलीकडच्या नाक्यावर एक शिपाई आणि एक होमगार्ड. दोन टोकांमधलं अंतर मी नंतर पावलांनी मोजलं, चारशे मीटरच्या आसपास भरलं. रात्री एक वाजून बावन्न मिनिटांनी हवालदारानं पुलावर चढलेल्या पाण्याचा व्हिडिओ काढून ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पलीकडून गाडी सोडू नका’. त्या भागातल्या टॉवरची वीज दुपारीच गेलेली होती, बॅटरी शेवटच्या धुगधुगीवर होती. संदेशासमोर एक टिक आली आणि तिथेच थांबली. दुसरी टिक आली दोन एक्केचाळीसला. मधल्या एकोणपन्नास मिनिटांत पलीकडच्या शिपायानं एक टेम्पो सोडला, कारण त्याला मिळालेला शेवटचा हुकूम ‘एकेक करून सोडा’ असाच होता. हवालदारानं टॉर्च हलवून पाहिला होता. पावसाच्या पडद्यातून पलीकडच्याला तो ‘येऊ द्या’ असा वाटला. टेम्पोतल्या तिघांपैकी दोघं बाभळीला अडकले म्हणून वाचले. चालक तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला.

आता यंत्रांचं. अलीकडच्या चौकीत वॉकीटॉकी होता. कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नीट गुंडाळून ठेवलेला. पलीकडच्या नाक्यावरही होता. त्याची बॅटरी कधी उतरली कुणालाच माहीत नव्हतं. ठाण्याचा तरुण अधिकारी हुशार होता, कामसू होता. मी विचारलं तेव्हा तो अगदी आदरानं म्हणाला, “मॅडम, आता सगळं व्हॉट्सॲपवरच असतं.”

त्या रात्रीच्या संदेशाचा प्रवास मी त्याला कागदावर काढून दाखवला. हवालदाराच्या फोनपासून टॉवर. टॉवरपासून जमिनीतल्या फायबरच्या तारेनं तालुक्याला, तिथून शहराला. शहरातून कुठल्या तरी सर्व्हरवर. तो देशात असेल, देशाबाहेरही असेल. तिथून उलट पावली तोच सगळा रस्ता. शेकडो मैलांचा हा फेरा मारून संदेशाला पोचायचं होतं चारशे मीटरवर. पिशवीतला तो सेट बाहेर काढून बटण दाबलं असतं, तर संदेश नदीवरून सरळ गेला असता.

मोबाईल हे बिनतारी यंत्र आहे हा आपल्याकडचा फार मोठा गैरसमज. सुशिक्षित माणसं, अधिकारी, मंत्रीसुद्धा मला विचारत आले आहेत, की ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे, मग पोलिसांना वायरलेसचा खर्च कशाला? फोन बिनतारी असतो तो टॉवरपर्यंत. त्यापुढे शेवटी तारच. त्या तारेला वीज लागते, फायबर अखंड लागतं, डिझेल लागतं, ते डिझेल आणणाऱ्याला रस्ता लागतो. पूर, भूकंप, वादळ या गोष्टी नेमक्या यांवरच पहिला घाव घालतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईतले फोन कसे एकामागून एक मुके झाले ते अनेकांना आठवत असेल. पुढच्याच वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. त्या संध्याकाळी वीज होती, टॉवर उभे होते, तरी फोन लागत नव्हते, कारण आख्खं शहर एकाच वेळी आपापल्या माणसाला फोन लावत होतं. जाळं दोन तऱ्हांनी बसतं, मोडून किंवा गर्दीनं. फोनवर भिस्त ठेवणाऱ्या पोलिसाला दोन्ही तऱ्हांचा फटका बसतो. गर्दीच्या वेळी तर त्याचा फोन हा त्या गर्दीतलाच एक फोन असतो, त्याला वेगळी रांग नसते.

याहून महत्त्वाचा फरक दुसराच आहे आणि तो समजावताना मी नेहमी गावातलं उदाहरण देते. फोन म्हणजे आवतण. घरोघर जाऊन प्रत्येकाला वेगळं सांगायचं. वायरलेस म्हणजे दवंडी. एकानं बोलायचं, नेटवरच्या, म्हणजे त्या चॅनलवरच्या, सगळ्यांनी त्याच क्षणी ऐकायचं. ज्याचं काम आहे त्यानं तर ऐकायचंच, पण ज्याचं नाही त्याच्याही कानावर पडतं आणि पुष्कळदा नेमका तोच कामाला येतो. मुंबईवरच्या हल्ल्यात, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर ज्या गाडीत मारले गेले, तीच क्वालिस दोन अतिरेक्यांनी पळवली. मागच्या भागात जखमी होऊन पडलेले अरुण जाधव जिवंत आहेत हे त्या दोघांना कळलं नाही. गाडी सोडून ते गेल्यावर जाधवांनी गाडीतल्या वायरलेस सेटवरून कंट्रोलला कळवलं. पुढे गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी झाली आणि तुकाराम ओंबळेंनी त्यांतल्या कसाबला धरून ठेवलं, हे सर्वांना ठाऊक आहे. मी मात्र त्या सेटचा विचार करते. रक्तबंबाळ माणसाला नंबर शोधता येत नाही, पासवर्ड घालता येत नाही, समोरचा उचलेल का याची वाट पाहता येत नाही. त्याला एक बटण दाबता येतं. ते बटण तिथे होतं, चालू होतं आणि पलीकडे कुणी तरी कान देऊन बसलं होतं. आमच्या विभागाचं आयुष्यभराचं काम एवढंच आणि त्याचा मला अभिमान आहे.

हे सगळं मी नव्याला विरोध म्हणून लिहीत नाही. नवं किती कामाचं आहे हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या काळात गाडी कुठे आहे हे कळायला गाडीलाच विचारावं लागे आणि गाडी चहाच्या टपरीवर असली तरी उत्तर ‘पेट्रोलिंगवर’ असंच येई. आज ११२ या आपत्कालीन क्रमांकाच्या गाड्यांत बसवलेला टर्मिनल नकाशावर आपली जागा स्वतःच दाखवतो, त्याला विचारावं लागत नाही. रुग्णवाहिकेतून हृदयाचा आलेख आधीच रुग्णालयात पोचला तर डॉक्टर दारात तयार उभे राहतात. आगीच्या इमारतीवर तारेनं बांधलेला ड्रोन तासन्‌तास तरंगत ठेवता येतो आणि त्याच ड्रोनवर छोटा रिपीटर, म्हणजे आवाज झेलून पुढे पाठवणारा सेट, चढवला तर डोंगराआडच्या माणसांशी बोलणं होतं. असा रिपीटर बसवायला आम्ही बॅटऱ्या डोक्यावर घेऊन गड चढलो आहोत. गडावरच्या त्या खोलीत गांधीलमाश्यांचं पोळं असायचं, उंदरांनी केबल कुरतडलेली असायची, पाण्याचा कॅन दोघांनी मिळून वर न्यायचा, कारण बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वर मिळत नाही. तो त्रास वाचणार असेल तर ड्रोनला माझा मनापासून नमस्कार.

जगभर प्रवाह एकाच दिशेनं आहे, आवाजाच्या जुन्या जाळ्याकडून फोर-जी, फाइव्ह-जीच्या जाळ्याकडे. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यावेळी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी उत्तर मनोऱ्यात चढलेल्या अनेक अग्निशामकांना ‘खाली या’ हा हुकूम ऐकूच गेला नाही. मनोऱ्यांतला संदेश वर पोचावा म्हणून तिथे झालेल्या १९९३ च्या स्फोटानंतर रिपीटर बसवला होता. चौकशी आयोगाच्या अहवालात आहे, की त्या सकाळी तो चालू करणाऱ्या दोन बटणांपैकी एक दाबलं गेलं नव्हतं. उत्तर मनोऱ्यातल्या अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, आवाज आला नाही, म्हणून तो बिघडलाय असं धरून चालले. त्या दिवशी ३४३ अग्निशामक गेले. सगळेच त्या बटणामुळे गेले असं कुणी म्हणू नये. इतरही अनेक कारणं होती. पण ते एक न दाबलेलं बटण माझ्या डोक्यातून जात नाही. पुढे २०१२ साली अमेरिकेनं कायदा करून आपत्कालीन सेवांसाठी ‘फर्स्टनेट’ हे वेगळं जाळं ठरवलं, त्याला ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या २० मेगाहर्ट्‌झ लहरी राखून दिल्या आणि २०१७ मध्ये एटी अँड टी कंपनीला काम दिलं. तरीही तिथल्या बहुतेक पोलीस आणि अग्निशमन दलांनी कमरेचा जुना रेडिओ काढलेला नाही. ब्रिटननं तर २०१५ मध्ये करार करून २०१९ अखेर ‘एअरवेव्ह’ हे टेट्रा पद्धतीचं आवाजी जाळं बंद करायचं आणि सगळ्यांना फोर-जीवर न्यायचं ठरवलं होतं. ती तारीख मागे पडत गेली आणि आजही तिथला शिपाई एअरवेव्हवरच बोलतो.

कोरियाचं उदाहरण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. २०१४ साली सेवोल बोट बुडून ३०४ माणसं गेली. वेगवेगळ्या दलांची वेगवेगळी यंत्रणा हे एक कारण पुढे आलं. त्यावर उपाय म्हणून देशभर एकच जाळं उभारलं गेलं, पोलीस, अग्निशमन, तटरक्षक सगळ्यांसाठी. ते २०२१ मध्ये पूर्ण झालं. २०२२ च्या ऑक्टोबरात सोलच्या इतेवॉनमध्ये चेंगराचेंगरी होऊन १५९ जण मेले, तेव्हा ते जाळं जागेवर होतं, पण दलांनी एकमेकांशी बोलायला ते फारसं वापरलंच नाही, अशी टीका झाली. यंत्र विकत मिळतं, एकमेकांशी बोलायची सवय विकत मिळत नाही. आपल्याकडे नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. तिथेच २००३ साली चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते. या वेळी कॅमेरे, ड्रोन सगळं येईल, यावंच. पण रामकुंडावरचा पोलीस, अग्निशमनचा जवान, रुग्णवाहिकेचा चालक आणि महापालिकेचा माणूस एकाच नेटवर एकमेकांचा आवाज ऐकतील का, आणि पर्वणीच्या आधी त्यांनी महिनाभर तरी तसं बोलून पाहिलं असेल का, हा प्रश्न मी भेटेल त्या अधिकाऱ्याला विचारते.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, जून २०१८ मध्ये या विषयावर सविस्तर शिफारशी केल्या. ८१४ ते ८२४ आणि ८५९ ते ८६९ मेगाहर्ट्‌झ या लहरी देशभराच्या आपत्कालीन ब्रॉडबँड जाळ्यासाठी राखाव्यात, त्यासाठी पैसे आकारू नयेत, गृहमंत्रालयाच्या हाताखाली वेगळी कंपनी असावी. चांगला दस्तऐवज आहे, मी तो दोनदा वाचला. रेल्वेला २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या ५ मेगाहर्ट्‌झ लहरी मिळाल्या, गाड्यांच्या सुरक्षेसाठी. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका मात्र अजून आपल्या देशव्यापी जाळ्याची वाट पाहत आहेत, आणि तोवर ती पोकळी फुकटच्या ॲपनं भरून काढली आहे. कुणी तसा निर्णय घेतला नाही, परिपत्रक काढलं नाही. रोजच्या सोयीनं ते घडत गेलं.

इथून पुढे मी थोडी तांत्रिक होणार आहे. संपादकांनी माफ करावं, पण या मुद्द्यावर मी वीस वर्षं भांडत आले आहे.

नवी मंडळी म्हणतात, फोर-जीवरही बटण दाबून बोलता येतं. खरं आहे. २०१६ मध्ये मोबाईलच्या जागतिक मानकात त्याची रीतसर पद्धत आली. बटण दाबल्यापासून बोलायला मोकळीक मिळेपर्यंत ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत अशी त्यात अट आहे. जाळं उभं असताना ही पद्धत उत्तम चालते. मी हातात घेऊन पाहिली आहे, आवाज काचेसारखा स्वच्छ. माझा प्रश्न एकच असतो. टॉवर गेला की काय? उत्तर येतं, दुसरा टॉवर. तो गेला की? उपग्रह. घाटात, झाडीत, दरडीच्या कुशीत उपग्रहाला आकाश दिसलं नाही की? मग सगळे माझ्याकडे हट्टी बाई म्हणून बघतात. पण प्रश्न तिथेच सुरू होतो. मध्ये काहीही नसताना हा सेट त्या सेटशी बोलेल का?

आमचा साधा व्हीएचएफ वॉकीटॉकी ५ वॅट शक्तीनं बोलतो, गाडीतला सेट २५ वॅटनं. तुमच्या खिशातला फोन फोर-जीवर साधारण एक पंचमांश वॅटनं बोलतो. म्हणजे वॉकीटॉकीच्या पंचवीस भागांतला एक भाग. फोनला तेवढं पुरतं, कारण त्याची कुजबुज ऐकायला टॉवर उंचावर मोठे कान लावून बसलेला असतो. टॉवर काढून घ्या, दोन कुजबुजणारी माणसं चारशे मीटरवर उभी करा, आणि मध्ये पूर आलेली नदी सोडा. शिवाय आमच्या लहरींची लांबी दोन मीटरच्या आसपास. झाडाझुडपांतून, टेकडीच्या खांद्यावरून त्या बऱ्यापैकी वळून जातात. फोनच्या लहरी बोटभर ते फूटभर लांबीच्या. त्या पानांत, भिंतींत लवकर विरतात. वॉकीटॉकीचं ते वीतभर एरियल जुनाट दिसतं म्हणून लोक हसतात. ते एरियल तिथे आहे म्हणूनच तो बोलतो.

मोबाईलच्या मानकातही फोन-ते-फोन थेट बोलण्याची सोय लिहिलेली आहे. पण ती चिपमध्ये घालायला कंपन्यांना गिऱ्हाईक दिसलं नाही, म्हणून ती बहुतांशी कागदावर राहिली. सगळ्या जगाच्या पोलिसांची संख्या मिळूनही फोनच्या बाजारात मूठभरच. बाजार ज्याचा, यंत्र त्याच्या मापाचं, हे या क्षेत्रातलं कटू सत्य आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पोलिसांचं स्वतंत्र जाळं असलं की सगळं सुखरूप, असंही नाही. जर्मनीत २०२१ च्या जुलैत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला तेव्हा तिथल्या आपत्कालीन सेवांच्या स्वतःच्या टेट्रा जाळ्याची केंद्रंही बंद पडली. आमचे रिपीटरही वीज पडून जळाले आहेत, मी ते स्वतःच्या हातांनी उतरवले आहेत. म्हणूनच मी जाळ्यांच्या भांडणात कुणाचीच बाजू घेत नाही. सगळ्या जाळ्यांखाली, तळाशी, काहीही न लागणारी एक गोष्ट शिल्लक राहावी एवढंच माझं म्हणणं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीला भूकंप झाला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाचा बंदोबस्त संपवून पोलीस नुकतेच पाठ टेकत होते. त्या भागात आम्ही एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा, सेट लावला तो एका लिंबाच्या झाडापासून विजेच्या मोडक्या खांबापर्यंत पंचवीस-तीस मीटर तार ताणून. ट्रकची बॅटरी, तार, सेट आणि एक ऑपरेटर. बोलणं नाकात बोलल्यासारखं येत होतं, पण येत होतं. मेलेल्यांची नावं, गावं, किती तंबू, किती चुना, किती लाकूड. ऑपरेटर अठरा तास बसून होता. त्याच्या वहीतलं अक्षर शेवटच्या पानापर्यंत सरळ होतं.

डिजिटल आवाजाबद्दलही एक तक्रार आहे. जुना ॲनालॉग सेट लांब गेला की खरखर वाढत जाते. ती खरखर नवख्याला त्रास वाटते. जाणत्याला ती सूचना असते, की आता दोन पावलं मागे ये, नाहीतर तुटशील. डिजिटल सेट शेवटपर्यंत स्वच्छ बोलतो आणि मग एकदम गप्प होतो. दुसरं, डिजिटल सेट आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. माणसाच्या आवाजाचा एक नमुना धरून तो दाबून, मोजून पाठवतो. आजूबाजूला माणसाचा नसलेला मोठा आवाज असला की त्याचा हिशेब चुकतो. अमेरिकेत अग्निशामकांना हे करवतीच्या आणि हवेच्या नळकांड्याच्या भोंग्याच्या आवाजात जाणवलं आणि त्यावर तिथे रीतसर चाचण्या झाल्या. मला जाणवलं ते गणपतीच्या मिरवणुकीत. साठ ढोल, वीस ताशे आणि त्यात शिपाई बोलतोय. पलीकडे पोचतोय तो घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा गुरगुराट. त्याला म्हटलं, माइक ओठाच्या कडेला धर, पाठ ढोलाकडे कर आणि बोळात तोंड करून बोल. मग कळलं. सेट आणि त्याची माहितीपत्रकं तयार करणाऱ्यांनी ढोलताशा ऐकलेला नसतो. आपल्या खरेदीच्या चाचणीत तो हवा, ही मागणी मी लेखी दिलेली आहे.

आता भाषेचं, कारण भविष्याच्या यादीत आवाज ओळखून आपोआप लिहून घेणारी यंत्रं फार वर आहेत. ११२ चं महाराष्ट्राचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरं नागपुरात आहे. बाई घाबरून म्हणते, “वडगावला या.” कोणतं वडगाव? मावळातलं, शेरीचं, बुद्रुक, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव? पूर्वीच्या जिल्हा कंट्रोलमधल्या ऑपरेटरला बोलण्याच्या हेलावरून तालुका कळायचा. फोनमधलं जीपीएस बरोबर जागा सांगत असेल तेव्हा उत्तमच, पण घरात, दरीत, जुन्या फोनवर ते डळमळतं आणि तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा कानच कामी येतो. यंत्राला मराठी शिकवताय तर मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी शिकवा, रडत बोललेली मराठी शिकवा, दारू प्यालेल्याची शिकवा. कंट्रोलला फोन येतो तो बातम्या वाचणाऱ्या भाषेत येत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याच परदेशी प्रशिक्षण-पुस्तकात सापडली नाही. ती पुस्तकं सांगतात, बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. इंग्रजीत नकार सुरुवातीला असतो, म्हणून त्यांना पहिल्या शब्दाची काळजी. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘गाडी सोडू नका’ म्हणताना घाईनं अंगठा अर्धा क्षण आधी उचलला, तर पलीकडे पोचतं ‘गाडी सोडू’. मी हे प्रत्यक्ष ऐकलं आहे आणि एकदा तर त्याप्रमाणे गाडी सुटलेलीही पाहिली आहे. म्हणून मी माझ्या प्रत्येक तुकडीला शिकवलं, की नकाराचा हुकूम असेल तर आधी ‘नकार’ हा शब्द म्हणायचा, मग हुकूम, मग पुन्हा ‘नकार’, आणि ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत बोलून दाखवायचा. मी निवृत्त झाले तेव्हा ही पद्धत काही जिल्ह्यांत होती. आज किती ठिकाणी आहे कोण जाणे. व्हॉट्सॲपवर कुणी परत बोलून दाखवत नाही, अंगठ्याचं चित्र टाकतात.

हे लिहिताना मला कधी कधी शंका येते. माझी उमेदीची वर्षं ज्या यंत्रात गेली त्याच यंत्राची बाजू मी घेते आहे का? कदाचित दहा वर्षांनी उपग्रहाशी थेट बोलणारे फोन इतके चांगले होतील, की माझं हे सगळं म्हणणं बैलगाडीवाल्याच्या गाऱ्हाण्यासारखं वाटेल. तसं झालं तर मला आनंदच होईल. पण तोवरच्या दहा पावसाळ्यांत पुलाच्या दोन टोकांना माणसं उभी राहणारच आहेत.

त्या जिल्ह्यात माझा अहवाल सात पानांचा झाला. त्यातली एकच गोष्ट लगेच अमलात आली, कारण तिला पैसे लागत नव्हते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी दहा मिनिटं सगळ्या चौक्यांनी मोबाईल बंद ठेवायचे, रिपीटरही बंद करायचा आणि शेजारच्या चौकीशी नुसत्या सेटवर थेट बोलायचं. पहिल्या सोमवारी मी मुद्दाम त्या पुलावर गेले. निम्म्या चौक्यांकडून उत्तरच आलं नाही. कुणाची बॅटरी उतरलेली, कुणाचा चॅनल चुकलेला, एकाचं एरियल मुलाच्या खेळण्यात गेलेलं. दुसऱ्या महिन्याच्या सोमवारी थोडे जास्त. तिसऱ्या महिन्याच्या सोमवारी तो हवालदार पुलाच्या टोकाशी सेट घेऊन उभा होता. त्या रात्रीनंतर तो कमी बोलतो असं त्याचे सहकारी म्हणाले. नदी गुडघाभर होती, ऊन उतरत होतं, पुलावरून एक मुलगी शेळ्या हाकत येत होती. त्यानं बटण दाबलं, थांबला, माझ्याकडे पाहिलं नाही.

“नकार. गाडी सोडू नका. नकार. ओव्हर.”

अंगठा त्यानं सावकाश उचलला. पलीकडून होमगार्डचा आवाज आला, खरखरीत, पण स्पष्ट. “नकार. गाडी सोडू नका. नकार. रिसीव्ह्ड.” हवालदारानं पुन्हा बटण दाबलं आणि तेच परत सांगितलं.